बांधाशी न वळणारी जोडी

"फीर!" नवसाबाई ओरडली.

जोडी फिरली नाही. बांध चार पावलांवर आला, दोन पावलांवर आला, आणि दोन्ही गोऱ्हे मान खाली घालून बांधावर चढले. पलीकडचं खाचर पुरुषभर खोल होतं. नवसाबाईनं नांगर सोडला, कासरा मनगटाला गुंडाळला आणि सगळं अंग मागं टाकलं. वेसणी ताणल्या. नांगर आडवा झाला, फाळ मातीतून उचकटून वर आला आणि तिच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर उतरला.

"सोड कासरा! जाऊ दे त्यांना!" सावळीराम वरच्या बांधावरून ओरडला. त्याचा उजवा गुडघा सात वर्षांपूर्वी गाडीखाली गेला होता. तो काठी टेकत निघाला, पण वाटेतच थांबला. तिथं पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन जाणार होतं.

"जाऊ कसं देऊ? एखाद्याची तंगडी मोडंल," ती दातांतून म्हणाली.

तिनं गोऱ्ह्यांना एकेक पाऊल मागं घेतलं, बांधावरून उतरवलं, जू काढलं. मग खाली बसून अंगठा बघितला. नख मधोमध फाटलं होतं. लुगड्याच्या काठाची चिंधी फाडून तिनं ती घट्ट बांधली. दोन्ही गोऱ्हे तिथंच उभे होते. मारलेलं जनावर जसं बघतं, किंवा चूक कळलेलं जनावर जसं नजर चुकवतं, तसं काहीच त्यांच्या डोळ्यांत नव्हतं.

"अकरावा दिस," सावळीराम म्हणाला.

"बारावा. परवाचा तू धरला नाय."

खैरपाड्याच्या चारी बाजूंच्या वाड्यांवर डांगी जनावरं होती आणि त्यातले बरेच गोऱ्हे औताला लागत ते नवसाबाईच्या हातून. दिवाळी झाली की लोक आणून बांधायचे, होळीच्या आत शिकवलेले परत न्यायचे आणि पुढच्या सुगीला भात घालायचे. आधी हे काम सावळीरामचं म्हणून ओळखलं जायचं. तो शिकवायचा आणि ती पुढं दावं धरून चालायची. त्याचा पाय गेल्यावर लोक म्हणाले, त्याचा हात बायकोत उतरला. नवसाबाईला हे ऐकून हसू यायचं. वीस वर्षं जनावराच्या तोंडासमोर ती होती. सावळीरामला जनावराचं फक्त ढुंगण दिसायचं.

घोटीच्या बाजारात "नवसाबाईच्या हातचा हाय" एवढं सांगितलं की घेणारा दात बघायचा आणि दावं धरायचा. जास्त विचारायचा नाही.

ही जोडी कारभारीची. सडकेकडच्या पाड्यावर त्याचा मोठा गोठा. अडीच वर्षांचे दोन गोऱ्हे, एक तांबडा-पांढरा, त्याला बहाळ्या म्हणायचे, दुसरा काळ्या ठिपक्यांचा मणेरी. अंगानं सुरेख, कातडी तेलासारखी. त्यांच्यासोबतच वरच्या वाडीचे तीन गोऱ्हे आले होते आणि घरचा एक होताच. ते चारही आठवड्यात लाकूड ओढायला लागले, दहाव्या दिवशी औताला चालले. कारभारीची जोडी आज चालायची, उद्या जू बघून बिचकायची. सरळ चालायला शिकली ती कशीबशी, आणि शिकली ती इतकी की वळायचंच नाव नाही.

त्या संध्याकाळी नवसाबाईनं पायाला हळद बांधली आणि गोठ्यात जाऊन दोघांच्या समोर बसली. डोळ्यांपुढं पदर हलवला, त्यांनी पापणी मिटली. कानामागं टाळी वाजवली, कान हलले.

"दिसतंय, ऐकू येतंय," ती म्हणाली.

"मंग हट्टी हायत," सावळीराम दोर वळता वळता म्हणाला.

"हट्टी जनावर मी काय आज बघते? हट्टी असलं की मागल्या पायांवर भार घेतं, कोपऱ्यातून माझ्याकडं बघतं, मी कव्हा दमते त्याची वाट बघतं. त्याला सगळं कळत असतं. ह्यांला मी काय मागते तेच पोचत नाय."

"कारभारीला सांग तसं. तो ऐकून घेईल व्हय?"

"नाय घेणार. म्हणून त्याला दाखवायचं."

तिच्या गोठ्याला समोरासमोर दोन दारं होती, एक ओढ्याकडं, एक घराकडं. दुसऱ्या दिवशी तिनं घराकडच्या दाराला लाल लुगड्याचा तुकडा टांगला आणि त्या दाराबाहेर घमेल्यात कणीची पेज ठेवली. दुसऱ्या दाराबाहेर तसलंच घमेलं, रिकामं. दोन्हींवर गोणपाट झाकलं, म्हणजे वासावरून कळायला नको. मग एकेक जनावर गोठ्याच्या मधोमध आणून सोडायचं. लाल फडक्याच्या दारानं गेलं तर पेज. दुसरीकडून गेलं तर काही नाही, परत गोठ्यात. सकाळी पाच वेळा, संध्याकाळी पाच वेळा.

घरचा गोऱ्हा तिसऱ्या दिवशी चुकायचा थांबला. वरच्या वाडीचे चौथ्या-पाचव्या दिवशी. बहाळ्या आणि मणेरी मनाला येईल तिकडं जात राहिले. नवव्या दिवशी मात्र बहाळ्या लागोपाठ लाल फडक्याकडं गेला, दहाव्या दिवशी मणेरीही.

"शिकले की," सावळीराम खुशीत येऊन म्हणाला. "सावकाश, पण शिकले."

"थांब."

अकराव्या दिवशी तिनं फडकं काढून ओढ्याकडच्या दाराला टांगलं आणि पेजही तिकडं ठेवली.

घरचा गोऱ्हा सवयीनं घराकडच्या दारानं गेला, रिकाम्या घमेल्यात तोंड घातलं, फुरफुरला. दुसऱ्या खेपेला तसंच. तिसऱ्या खेपेला तो गोठ्याच्या मध्ये थांबला, फडक्याकडं बघितलं आणि वळला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चारही जनावरं नव्या दारानं जात होती.

बहाळ्या घराकडच्या दारानं गेला. परत आणला, परत तिकडंच. पेजेचं घमेलं उघडून त्याच्या नाकासमोर धरलं, दोन घोट पाजले, फडकं डोळ्यांपुढं नाचवलं, आणि सोडला, की तो घराकडच्या दारानं. सहा दिवस. सातव्या दिवशी नवसाबाईनं ते दार लाकडं लावून बंद केलं. मणेरी जाऊन त्या लाकडांना कपाळ टेकून उभा राहिला.

सावळीराम काठी टेकत मणेरीपाशी आला. "हे विसरत नायत," तो म्हणाला.

"नाय. धरलेलं सोडत नायत."

मणेरी अजून तसाच उभा असताना कारभारीची मोटारसायकल अंगणात आली.

कारभारी नवसाबाईहून चार-पाच वर्षांनी धाकटा, तिला वहिनी म्हणणारा. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात मोबाईल. त्यानं आधी तिच्या पायाची चिंधी बघितली, मग लाकडांना टेकलेला गोऱ्हा.

"हे काय चाललंय वहिनी? मी औत शिकवायला दिलेत का दारं मोजायला?"

"भाऊ, बसा. दाखवते."

तिनं दाखवलं. दार उघडलं, घरचा गोऱ्हा सोडला, वरच्या वाडीचा सोडला, मग बहाळ्या. कारभारी उभ्याउभ्या बघत होता. बहाळ्या तिसऱ्यांदा चुकीच्या दारानं गेला तसा तो हसला.

"तुमच्या घरचं जनावर तुमचं ऐकणारच की. माझ्या जनावरांना तुम्ही घाबरवून ठेवलंय."

"घाबरलेलं जनावर आसं कपाळ टेकून उभं राहत नाय."

"मग काय झालंय त्यांना?"

"ते मला अजून कळलं नाय. पण जे झालंय ते हितं यायच्या आधी झालंय."

कारभारीचा चेहरा बदलला. "म्हणजे दोष माझ्या गोठ्याचा! वहिनी, खरं बोलू का? दादांचा हात तो दादांचा हात. बाईमाणसाच्या हातात औत दिलं की आसंच व्हायचं." तो सावळीरामकडं वळला. "दादा, तुम्हीच सांगा."

सावळीरामनं वळता दोर बाजूला ठेवला. "मी काय सांगू? माझ्या हातून शिकलेलं एक जनावर दाखव, ज्याच्या पुढं ही नव्हती."

कारभारी निघून गेला. पण शनिवारी घोटीच्या बाजारात, जनावरांच्या रांगेत, चहाच्या टपरीपाशी तो मोठ्यानं बोलला. खैरपाड्याच्या बाईनं माझी जोडी खुळी करून ठेवली. लाल फडकी दाखवते, दारं उघडते, काय मंतर-तंतर करते कोण जाणे. मंगळवारी वरच्या वाडीचे दोघं आले आणि आपले गोऱ्हे सोडून घेऊन गेले. शिकवून झाले होते, तरी तोंडावर काही बोलले नाहीत. एकानं जाता जाता गोठ्याच्या दाराला टांगलेल्या लाल फडक्याला वळसा घातला. नवसाबाईनं ते पाहिलं. फडकं तिनं काढलं नाही.

त्याच आठवड्यात लाळ्या-खुरकुताची लस टोचायला सरकारी दवाखान्याच्या डॉक्टर आल्या. स्नेहल त्यांचं नाव, नोकरीला दोनच वर्षं झालेली, स्कूटरवर बर्फाचा डबा बांधून वाड्या-वस्त्या फिरायच्या. सगळ्या जनावरांना सुया टोचून झाल्यावर नवसाबाई म्हणाली, "ताई, अर्धा तास हाय का? एक दाखवायचंय."

डॉक्टरांनी अर्ध्या तासाऐवजी सगळी दुपार घालवली. वहीत खेपा लिहून घेतल्या. फडकं स्वतः बदलून बघितलं.

"मावशी, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"काय?"

"आधी एक शिकवायचं आणि मग ते उलटं करायचं."

"औताला तेच लागतं. जाताना सरळ, बांधापाशी उलट. जे जनावर उलटं शिकत नाय ते तुम्हाला विहिरीत घेऊन जातं."

डॉक्टरांनी दोघांच्या हिरड्या बघितल्या, डोळ्यांत बॅटरी मारली, रक्त काढलं. "यांच्या गोठ्याजवळ काही कारखाना आहे? रंगाचं काम? जुनं भंगार?"

"सडकेला बॅटऱ्या फोडायची शेड हाय. पण ओढ्यापलीकडं. त्याचा गोठा लांब."

"शिसं बघून घेऊ," डॉक्टर म्हणाल्या. "लहान जनावराच्या पोटात शिसं गेलं तर असं होऊ शकतं. मरत नाही, वरून धडधाकट दिसतं. पण शिकणं मंदावतं, बिचकतं, धरलेलं सुटत नाही."

बारा दिवसांनी अहवाल आला. त्यात म्हणण्यासारखं काही नव्हतं. शिसं होतं, पण थोडं, नेहमीपेक्षा किंचित वर. हे कारभारीला दवाखान्यातून कळलं आणि तो त्याच दिवशी जोडी न्यायला टेम्पो घेऊन आला.

"सरकारी कागद हाय," तो अंगणात उभा राहून म्हणाला. शेजारची चार माणसं जमली होती. "माझ्या जनावरांत काही नाय. आता तरी कबूल करा वहिनी, हात गेला म्हणून."

नवसाबाईनं दोन्ही गोऱ्ह्यांची दावी सोडून त्याच्या हातात दिली. "न्या. पण एक सांगा. सहा सालांमागं तुमची जी जोडी मी शिकवली, ती कशी चालते?"

"ती चालती चांगली."

"तवा पण मीच शिकवलं. आन बाजारातनं आणलेल्या तुमच्या गाया?"

"त्यांचं काय?"

"त्या बरोबर हायत. म्हणजे बाहेर जन्मलेलं ठीक. आधी जन्मलेलं ठीक. गेल्या तीन सालांत तुमच्या गोठ्यात जन्मलं तेच फक्त आसं. भाऊ, तुमच्या वासरांच्या दावणीला नवं काय आलं तीन सालांत?"

कारभारीनं गोऱ्हे टेम्पोत चढवले. फळी लावली. पुढं बसला आणि निघून गेला.

ती त्याच्यामागोमाग निघाली. सावळीराम म्हणाला, "पायानं लंगडतीस, उद्या जा." ती म्हणाली, "उद्या तो दार लावून घेईल." सडकेकडचा पाडा दीड कोसावर. पायात चप्पल चढत नव्हती म्हणून ती एका पायात चप्पल घालून, दुसऱ्याला फडकं गुंडाळून चालली. ऊन चढलं होतं. ओढा ओलांडताना शेडमधून येणारा आंबट, घशाला लागणारा वास तिला आला. पत्र्याखाली माणसं घणानं बॅटऱ्या फोडत होती.

कारभारी गोऱ्हे उतरवून घेऊन शेताकडं गेला होता. घरी त्याची बायको कलाबाई होती. तिनं नवसाबाईचा पाय बघून आधी पाणी दिलं, मग चहा ठेवायला उठली.

"चहा राहू दे. तुझी वासरं दाखव मला."

वासरांचा गोठा घरामागं होता. तीन वासरं, सहा महिन्यांच्या आतली. पेज पाजायची वेळ झालीच होती. कलाबाईनं पातेलं आणलं आणि पेज ओतली ती काळ्या चौकोनी पेट्यांत. ट्रकच्या बॅटरीच्या पेट्या, आतले पडदे तोडून काढलेल्या. वासरांनी तोंडं घातली. पेज संपली तरी ती पेटीचा तळ चाटत राहिली, खरखर आवाज येत होता. कडेला कारभारीची चार वर्षांची नात वेदिका उकिडवी बसून एका रिकाम्या पेटीत पाणी कालवत होती. कोपरापर्यंत हात बुडवून.

नवसाबाईनं एक पेटी उपडी केली. कोपऱ्यांत करडा गाळ घट्ट बसला होता. मधला भाग चाटून चाटून चकचकीत झाला होता.

"हे कुठलं?"

"शेडवाल्यानं दिलं फुकट. तीन सालं झाली. फुटत नाय, गंजत नाय, धुवायला सोपं. वासरांना लय आवडतं, बघा ना, सोडत नायत." कलाबाई बोलता बोलता थांबली. "का वो?"

"मागल्या साली तुझी वासरं मेली म्हणं."

"दोन. आंधळी झाली होती आधी. भिंतीला डोकं लावून उभी राहायची. हे म्हणाले पान लागलं." साप चावल्याला तिकडं तसंच म्हणतात.

"दोन्हींना एकाच महिन्यात पान लागलं?"

कलाबाईनं वेदिकाला काखेत उचललं, हौदापाशी नेलं आणि तिचे हात साबणानं धुवायला लागली. एकदा धुतले, परत धुतले. पोरगी रडायला लागली तरी ती धुतच होती.

"बास," नवसाबाई म्हणाली. "आता डॉक्टरीणबाईला फोन लाव."

डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. तिन्ही वासरांचं रक्त घेतलं, पेटीतला गाळ कागदात बांधून घेतला. कारभारी हाताची घडी घालून दारात उभा होता. "गोऱ्ह्यांच्या रक्तात नव्हतं ना? मग आता कशाला?"

"रक्तातलं शिसं काही महिन्यांत उतरतं," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचे गोऱ्हे मोठे झाल्यावर गवत खायला बाहेर गेले, तेव्हा ते उतरलं. काही हाडांत जाऊन बसलं. पण लहानपणी, मेंदू घडत असताना जे बिघडलं ते भरून येत नाही. मावशी जे सांगत होत्या ते बरोबर होतं. मी चुकीच्या वयाच्या जनावराचं रक्त काढलं." मग त्यांनी कलाबाईकडं वळून विचारलं, "घरात लहान मुलं किती आहेत?"

"एकच," कलाबाई म्हणाली.

"तिला नाशिकला घेऊन जा. मी चिठ्ठी देते. आजच जा."

कारभारी काहीतरी बोलायला गेला. कलाबाई त्याच्याकडं न बघता आत गेली, पोरीचं झबलं पिशवीत भरलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "गाडी काढा."

वासरांचा अहवाल आला तेव्हा डॉक्टरांनी तो स्वतः आणून वाचून दाखवला. तिन्ही वासरांच्या रक्तात असावं त्याच्या कितीतरी पट शिसं होतं. वेदिकाचंही थोडं वाढलेलं निघालं. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, वेळेवर आणलंत, त्या जागेपासून लांब ठेवा, खाणं चांगलं द्या, तीन महिन्यांनी परत दाखवा. कलाबाईनं कारभारीची वाट न बघता सगळ्या पेट्या गोण्यांत भरल्या आणि तोंडं शिवून टाकली. आसपासच्या घरांत तसल्याच पेट्या होत्या, कुठं कोंबड्यांना पाणी, कुठं कोथिंबीर लावलेली. नवसाबाई आणि ती दोघी घरोघर फिरल्या. काही बायकांनी लगेच दिल्या. एकीनं विचारलं, फुकटची वस्तू आहे, बदल्यात काय द्याल. कलाबाईनं घरातली दोन पितळी घमेली तिला आणून दिली.

डॉक्टरांच्या कागदावरून तालुक्याचे लोक शेड बघायला आले. पंचनामा झाला, पत्र्याला कागद चिकटला. चार दिवसांनी भर दुपारी दोन ट्रक लागले आणि शेडवाला सामान घेऊन निघून गेला. जमिनीवर करडा थर तेवढा मागं राहिला. त्यावर जनावरं जाऊ नयेत म्हणून कारभारीनं काट्यांचं कुंपण घातलं. ते त्यानं एकट्यानं घातलं, कुणी सांगितलं नव्हतं.

फाल्गुन लागला तसा तो एकदा खैरपाड्याला आला. या खेपेला चालत. अंगणात बसला, पाणी प्यायला, सावळीरामच्या गुडघ्याची विचारपूस केली. मग म्हणाला, "जोडी घोटीला काढतो वहिनी. तुम्ही चला संगं. तुमचं नाव असलं की घेणारा मिळंल."

"येते की."

"फक्त... औताचं कुणी विचारलं तर..."

"तर खरं सांगीन."

कारभारीनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "बाजारात?"

"बाजारात बोलला होता ना तुम्ही? तिथंच बोलायचं. आन मी नाय, तुम्ही बोलायचं. मी बाजूला उभी राहीन."

"लोक हसतील."

"माझ्यावर हसले. मी मेले का?"

सावळीराम खोकला. हसू दाबायची त्याची ती पद्धत होती.

शनिवारी जनावरांची रांग लांबच लांब लागली होती. धूळ, शेण, टेम्पोची घरघर. बहाळ्या आणि मणेरी तेल लावून उभे. कातडी अशी चमकत होती की पहिला माणूस लांबूनच आला. अकोले तालुक्यातला शेतकरी. त्यानं दात बघितले, खूर बघितले, आणि नवसाबाईला ओळखून म्हणाला, "हातचे का?"

नवसाबाईनं कारभारीकडं बघितलं.

कारभारी दोन पावलं पुढं आला. "औताला चालत नाहीत," तो म्हणाला, पण इतक्या हळू की माणसानं "काय?" विचारलं. मग तो मोठ्यानं बोलला, जवळपासच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "औताला चालत नाहीत! वळत नाहीत. चूक माझ्या गोठ्याची हाय. वासरं असताना बॅटरीच्या पेटीत पाजलं मी. त्यात शिसं होतं. ही बाई पहिल्यापासून सांगत होती. मी हिच्यावर घातलं. चुकलो."

चहाच्या टपरीपाशी वरच्या वाडीचा एक जण बसला होता, त्यानं कप खाली ठेवला. अकोल्याचा माणूस दावं सोडून पुढं गेला. त्याच्या मागचाही गेला. कोणी हसलं असेल तर ते नवसाबाईला ऐकू आलं नाही.

दुपारनंतर पाटाकडच्या मळ्यातला एक म्हातारा माळी आला. झेंडूची शेती. त्यानं सगळं ऐकलं होतं, तरी परत पहिल्यापासून विचारलं.

"एका वाटेनं गाडी ओढतील?"

"एकच वाट असली तर ओढतील," नवसाबाई म्हणाली. "आधी महिनाभर रोज तीच वाट दाखवायची. घाई नाय करायची. एकदा बसली की आयुष्यभर सोडणार नायत. पण वाट बदललीस, तर तुझी चूक, त्यांची नाय. पाटाच्या बाजूला कठडा हाय का?"

"नाय."

"मग आधी कठडा घाल. मग ने."

"घालतो," म्हातारा म्हणाला. "घरापासून मळ्यापर्यंत एकच वाट हाय माझी. ट्रॅक्टर जात नाय तिथं. कठडा घालून पुढल्या शनिवारी नेतो."

"पहिले चार दिस मी येईन," नवसाबाई म्हणाली. "त्याचं काही नको."

कारभारीनं बहाळ्याच्या पाठीवरून हात फिरवला. गोऱ्ह्यानं मान वळवली नाही. त्यानं तरी हात तिथंच ठेवला.

ऊन कललं तसा बाजार सुटायला लागला. नवसाबाई टेम्पोपाशी उभी राहून पायाचं फडकं नीट करत होती. नखाच्या जागी नवं, मऊ, गुलाबी नख येत होतं. तेवढ्यात तिशीतला एक माणूस घुटमळत जवळ आला. अंगात कामाचा निळा शर्ट. सातपूरच्या कारखान्यात पाळीला जाणारा असावा. गाव त्यानं सिन्नरच्या बाजूचं सांगितलं.

"मावशी, मघाशी ते ऐकलं. आमच्या घरी दोन वासरं आहेत. आई म्हणते दाव्याला बांधायलाही शिकत नाहीत. रोज नव्यानं घाबरतात. मी म्हटलं, जातच तशी असेल."

"कशात पाजता त्यांना?"

तो आठवायला लागला. मग त्याचा चेहरा उतरला. "काळ्या पेट्या आहेत," तो म्हणाला. "मीच आणल्या होत्या. भंगारवाल्याकडून."

"आईला फोन लाव. म्हणावं आत्ताच्या आत्ता पेट्या उचल आन वासरांपासून लांब ठेव. घरात पोरं असली तर त्यांचे हात धू." तो फोन काढेपर्यंत ती त्याच्या मोटारसायकलपाशी पोचली होती. "उद्या स्नेहलताईला घेऊन येऊ. पण आज एकदा डोळ्यानं बघते. चल."

"आत्ता? अहो, तासभर लागेल."

"लागू दे."

कारभारी टेम्पोतून उतरला. "वहिनी, दादा वाट बघत असतील. भाकरीची वेळ झाली."

नवसाबाईनं पदर खोचला आणि लंगडा पाय उचलून मागच्या सीटवर बसली.

"त्यांना सांगा, पीठ डब्यात हाय," ती म्हणाली. "आज तुम्हीच थापा म्हणावं. जाड झाली तरी चालंल."